आमचा फ्रीज गप्प झाला तेव्हा

लोक विचारतात, तुमच्याकडे इतके किस्से साठतात कसे? मी कुठेही जात नाही, फारसं कुणाशी बोलत नाही, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. पण घरातली एखादी वस्तू बिघडू द्या आणि ती दुरुस्त करायला निघा. मग किस्से आपल्या पायाने घरात येतात, चपला न काढता सोफ्यावर बसतात आणि वर म्हणतात, "काका, पाणी मिळेल का गार?"

गार पाणी! फ्रीज बिघडलेल्या घरात!

गेल्या उन्हाळ्यात आमच्या जळगावच्या घरातल्या फ्रीजची पंख्याची मोटर गेली. फ्रीजच्या आत, मागच्या पत्र्याआड एक छोटा पंखा असतो. वरची थंडी खाली ढकलायचं काम तो करतो. त्याची मोटर बदलायची, एवढंच काम. त्यातून जे उद्भवलं ते खाली लिहितो. सुमतीचं, म्हणजे माझ्या बायकोचं म्हणणं असं की यातलं निम्मं मी वाढवून सांगतो. तिचं बरोबर असेलही. माझी स्मरणशक्ती आता पूर्वीसारखी राहिली नाही, असं मला वाटतं. खात्री नाही.

*

सकाळी पोहे परतता परतता सुमती म्हणाली, "अहो, फ्रीज गप्प आहे."

"गप्प म्हणजे?"

"म्हणजे बोलत नाहीये. रोज घूं घूं करतो, ते थांबलंय."

आता मी पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. उष्मागतिकीत पीएच.डी. बत्तीस वर्षं कॉलेजात हेच शिकवलं. मी तिला दहा मिनिटं समजावलं की आतलं तापमान पुरेसं उतरलं की यंत्रणा आपोआप थांबते. म्हणजे शांतता हे चांगल्या फ्रीजचं आरोग्यलक्षण आहे!

तिने सगळं ऐकून घेतलं. मग फ्रीजमधलं दूध काढून तापत ठेवलं. ते फाटलं.

"घ्या," ती म्हणाली, "तुमच्या आरोग्यलक्षणाचं पनीर झालं."

दुधाचं मला काही नाही. पण त्याच फ्रीजच्या दारात सुमतीच्या इन्सुलिनचा महिन्याभराचा साठा होता, आणि बाहेर त्रेचाळीस अंश. माझे हात गार पडले. घरात तेवढीच एक गार वस्तू.

मी फ्रीज तपासला. वर फ्रीझरमध्ये बर्फ दगडासारखा, खाली भाज्या कोमट. म्हणजे थंडी तयार होतेय, पण खाली येत नाही. म्हणजे पंखा! पाच मिनिटांत निदान झालं. सहाव्या मिनिटाला वाटलं, आपण थिअरीची माणसं, आपल्याला प्रत्यक्षातलं काय कळतं? म्हणून माळ्यावरून जुन्या नोट्स काढल्या. त्यात मी स्वतःच लिहून ठेवलं होतं की अशा लक्षणांत आधी पंखा पाहावा. पण ते ज्या माणसाने लिहिलं होतं, त्याच्यावर माझा फारसा विश्वास नव्हता.

*

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, औषध पंचवीस अंशांच्या आत ठेवता आलं तर दहा दिवस चिंता नाही, पुढे मात्र फ्रीजच हवा.

शेजारचे नाना लग्नासाठी सहकुटुंब सावद्याला गेलेले, घराला कुलूप. समोरच्या बाईंनी आपण होऊन विचारलं, "आमच्या फ्रीजमध्ये ठेवता का?" मी नको म्हटलं. त्यांच्याकडे दोन मुलं, सुट्ट्या लागलेल्या, फ्रीजचं दार दर पाच मिनिटांनी उघडतं. मी गॅलरीतून पाहिलंय. दार सतत उघडणाऱ्या माणसांच्या घरात औषध ठेवायचं म्हणजे काय! लोकांना साधी शिस्त नाही.

सुमतीचा फोन गेल्यावर दुसऱ्या दिवशी धुळ्याहून माझी मोठी बहीण, अक्का, एसटीने एका दिवसापुरती आली. येताना मांडीवर दोन माठ घेऊन! तिने मोठ्या माठात वाळू ओतली, मधे लहान माठ बसवला, वाळू भिजवली, लहान माठात डब्यातलं औषध ठेवलं, वर ओलं फडकं टाकलं आणि सगळं खिडकीच्या वाऱ्याला लावलं. मी कागद घेऊन बसलो. हवेतली आर्द्रता किती, पाणी किती उडेल, माठ किती अंशांपर्यंत उतरेल.

दोन पानं भरल्यावर अक्का म्हणाली, "भाऊ, तू गणित करी राह्यना, तवलोंग माठ थंडा व्हई गया."

निवृत्तीच्या वेळी प्रयोगशाळेतल्या लोकांनी मला एक थर्मामीटर भेट दिला होता. तो माठात घातला. चोवीस! माझं उत्तर आलं होतं एकतीस. कुठेतरी हातचा चुकला असणार.

मी अक्काला सांगितलं की बिघाड फ्रीजच्या पंख्यात आहे. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

"थंडीमा पंखा कसाले लागस?" ती म्हणाली. मग सुमतीकडे वळून हळूच, "याले ऊन लागनं का?"

*

कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन केला. तिथल्या मुलीने हिंदीत विचारलं, काय प्रॉब्लेम आहे. सुमती मागून खुणावत होती, "सांगा, फ्रीज गार करत नाही." पण मला अशी ढोबळ भाषा आवडत नाही. 'गार करत नाही' याची किमान सात कारणं असू शकतात. मी नेमकं सांगितलं. "पंखे की मोटर बंद है."

"कौन सा पंखा, सर?"

"अंदरवाला."

"अंदरवाले कमरे का?"

"फ्रीज के अंदरवाला!"

"ठीक है सर, नोट कर लिया." तक्रार क्रमांक आला. मी तो तीन ठिकाणी लिहून ठेवला.

दोन दिवसांनी भर दुपारी बेल वाजली. दारात एक गृहस्थ, खांद्यावर शिडी. मी म्हटलं, फ्रीजला शिडी कशाला? पण वाटलं, नवीन पद्धत असेल, आपल्याला काय माहीत. ते हॉलमध्ये आले, शिडी उघडली, वर बघितलं. मीही वर बघितलं. छताचा पंखा पाचवर फिरत होता.

"काका, हा तर चालतोय," ते म्हणाले.

ती कंपनी फ्रीजही बनवते आणि छताचे पंखेही! माझी तक्रार पंखे विभागात गेली होती. मी संतापलो. बत्तीस वर्षं मुलांना सांगत आलो की शब्द नेमका वापरा, शास्त्रात मोघमपणा चालत नाही. आणि नेमका शब्द वापरल्याची ही शिक्षा! मी त्या गृहस्थांना फ्रीजसमोर नेलं, पंखा कुठे असतो ते हाताने दाखवलं. त्यांनी मान हलवली.

"फ्रीजमध्ये पंखा नसतो, काका," ते समजुतीने म्हणाले. "असता तर आमच्याकडे त्याची तक्रार आलीच असती."

*

मग गॅसवाले आले. गॅसवाले म्हणजे स्टेशन रोडकडचे एक मेकॅनिक. मी त्यांना गॅसवाले म्हणतो, कारण ते दारातूनच म्हणाले, "गॅस गेलाय."

"तुम्ही अजून फ्रीज बघितला नाही."

"बघायची गरज नाही, काका. उन्हाळ्यात गॅसच जातो."

मला हे कळत नाही. आपल्याकडे स्वयंपाकघरात गॅस, पोटात गॅस, फ्रीजमध्ये गॅस. आणि काहीही झालं की गॅसच गेलेला किंवा झालेला! दुसरं कारण कुणी ऐकूनच घेत नाही. मी शांतपणे फ्रीझरचं दार उघडलं आणि म्हटलं, "गॅस गेला असता तर हा एवढा बर्फ कसा?"

त्यांनी आत एक नजर टाकली. "तो जुना बर्फ आहे."

जुना बर्फ!

मी एम.एस्सी.च्या मुलांच्या तोंडी परीक्षा घेतल्या आहेत. परीक्षकांच्या चुका काढल्या आहेत. पण 'जुना बर्फ' हा पदार्थ कुठल्याच पुस्तकात नव्हता. ते गेल्यावर मी ट्रेमध्ये ताजं पाणी घातलं, वर चिठ्ठी चिकटवली, तारीख-वेळ टाकली, खाली सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फ तयार! त्यांना बोलावलं, चिठ्ठीसकट ट्रे पुढे केला.

त्यांनी चिठ्ठी वाचली. सहीसुद्धा वाचली.

"म्हणजे थोडा गॅस शिल्लक आहे," ते म्हणाले. "भरून टाकतो."

आणि मी, मंडळी, मी 'बरं' म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. सुमती स्वयंपाकघरातून ओरडली, "ते नको म्हणतायत!"

*

माठांचा सहावा दिवस उजाडला आणि शेजारचे नाना सावद्याहून परत आले. नानांची सावद्याला केळीची शेती आणि केळी पिकवायचं एक थंड चेंबर. केळीला ते केयी म्हणतात. शिक्षण सातवीपर्यंत. दारातूनच विचारलं, "काय सर, चेहरा असा काहून?"

मी फ्रीज म्हटलं. ते आत आले, वरचं दार उघडून हात घातला, खालचं उघडून हात घातला. मागच्या पत्र्याला कान लावला.

"पंखा गेला न भो."

"तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्या चेंबरमधी पंखा बंद पडला का असंच होते. मशीनजोळची केयी थंडीनं कायी पडते, अन् लांबची उबून उठते. मधी कोणी हवा फिरवणारा पाहिजे न!"

माझा आवाज चढला. "नाना, हे मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं! अगदी हेच! नोट्ससुद्धा काढल्या!"

नानांनी दार लावलं. "मंग बदलला काहून नाही?"

याला उत्तर असेल तर मला कळवा. मी तेव्हापासून शोधतोय.

*

नानांनीच त्यांचा माणूस दिला. देवीदास, मूळचा एरंडोलचा, त्यांच्या चेंबरची मशीनं बघतो. तो म्हणाला, "सर, मी येतो, तोवर तुम्ही दुकानातून मोटर घेऊन ठेवा." फ्रीजचा मॉडेल नंबर त्याने फोनवरच विचारून घेतला.

दुकानात मी म्हटलं, "एव्हॅपोरेटर फॅनची मोटर द्या."

दुकानदार म्हणाले, "असं काही येत नाही."

मी चित्र काढून दाखवलं. हवेचे बाणसुद्धा काढले. ते बाण पाहून त्यांनी मला शेजारच्या कूलरच्या दुकानात पाठवलं. कूलरवाल्यांनी परत इकडे. उन्हात माझ्या तीन फेऱ्या झाल्या! शेवटी देवीदासला फोन लावून दुकानदारांच्या कानाला दिला. तिकडून तो काय बोलला कोण जाणे, दुकानदारांनी मागे न बघता हात मागे नेला, फळीवरून एक डबी उचलली आणि माझ्यापुढे आपटली.

"फ्रॉस्ट-फ्रीची मोटर! मराठीत सांगा ना, काका!"

*

देवीदास कामाला बसला तेव्हा मी टॉर्च धरला होता. त्याने वायर काढली, फ्रीझर रिकामा केला, मागच्या पत्र्याचे स्क्रू काढले. आत बर्फाचा पांढरा गठ्ठा. तो त्याने हेअर ड्रायरने वितळवायला घेतला. मी म्हटलं, प्लॅस्टिक मऊ पडेल. तो म्हणाला, "सर, टॉर्च माझ्या तोंडावर नको, आत." मी पुन्हा काही बोललो नाही.

जुनी मोटर निघाली. तिचा दांडा बोटाने फिरवला तर फिरेचना. म्हणजे माझं निदान बरोबर! मी सुमतीला हाक मारून ती मोटर दाखवली. तिने दोन्ही हातांनी घेतली, कुणाचं बारसं असावं तशी.

मग देवीदासने जुन्या मोटरवरचं पातं काढून नव्या मोटरवर चढवलं. आणि मला दिसलं की ते उलटं चढलंय. पात्याचा बाक दुसरीकडे होता. असा पंखा हवा पुढे ढकलायच्या ऐवजी मागे ओढणार. मला स्पष्ट दिसलं. टॉर्च माझ्याच हातात होता!

पण मी विचार केला, हा माणूस रोज चार मोटरी बसवतो. आपण आयुष्यात एकही बसवली नाही. पत्रा लागला. स्क्रू बसले. देवीदास चहा घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी वर बर्फ, खाली कोमट. देवीदास पुन्हा आला, पत्रा उघडला आणि कपाळावर हात मारला. "पातं उलटं बसलं होतं."

"मला दिसलं होतं," मी म्हटलं.

देवीदास माझ्याकडे वळला. आतापर्यंत तो मला फार आदराने वागवत होता. "सर! तुम्हाला दिसलं? मग बोलला का नाहीत?"

मी संतापून म्हणालो, "तू टॉर्च नीट धर म्हणालास!"

सुमती म्हणाली, "माठांना नऊ दिवस झाले." आणि आत निघून गेली. ती रागावली की रागावत नाही. फक्त दिवस मोजून सांगते.

*

पातं सुलटं बसलं. जाताना देवीदास म्हणाला, "सर, एक लक्षात ठेवा. दार उघडलं की दिवा लागतो आणि पंखा थांबतो. बटनच तसं असतं. म्हणून उघडून बघू नका."

मला माहीत होतं. हे मी शिकवलंय.

ठरलं असं की थर्मामीटर फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवायचा, आठच्या खाली उतरला की औषध माठातून फ्रीजमध्ये हलवायचं. मी वही केली. दुपारी एकला पहिलं रीडिंग, अठ्ठावीस. एक दहाला सव्वीस. एक वीसला सव्वीस. एक पंचविसाला मी दाराच्या फटीतलं बटन बोटाने दाबून बघितलं, पंखा फिरतोय का. फिरत होता, असं वाटलं. बोट काढल्यावर थांबला, असंही वाटलं. अडीचला तेवीस. तिथून पुढे उतरेना! चारला चोवीस. पाचला तेवीस.

मी देवीदासला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी ओरडलो. "तुझी मोटर पुन्हा गेली! दहाव्या दिवसावर आणून ठेवलंस माझ्या बायकोला!"

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मी वही त्याच्या हातात दिली, म्हटलं, हा पुरावा. त्याने पानं उलटली. एक पान, दोन पानं, तीन. मग वही मिटून सुमतीकडे बघितलं.

"काकू, सरांचं धुळ्याला कुणी आहे म्हणाल्या होत्या ना?"

अर्ध्या तासात मी एसटीत होतो. पिशवीत वही होती, ती सुमतीने दारातच काढून घेतली.

अक्काने जेवायला वाढलं. घास उतरेना. शेवटी ताटावरून उठून सुमतीला फोन केला.

"किती आहे?"

"काय किती?"

"तापमान!"

"मला काय माहीत? मी दार उघडलं नाही."

"अगं, मग कळणार कसं? औषधाचं काय?"

"तुम्ही गेल्या गेल्या नाही, नंतर दोन तासांनी एकदाच उघडलं. सहा होतं. ठेवलं आत."

"सहा? थर्मामीटर डोळ्यांच्या रेषेत धरून बघितलास का? आणि त्यानंतर पुन्हा बघितलं नाहीस? आणि आता जर बंद पडला असेल तर? सुमती, तू एकदा..."

"थांबा," ती म्हणाली.

मी हॅलो हॅलो करत राहिलो. तिकडे काहीतरी घासल्यासारखं झालं, भांडं सरकल्यासारखं झालं आणि मग फोनमधून नुसतंच घूं, घूं, घूं. मी फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो. पाच मिनिटं असतील. दहा असतील.

अक्का हात पुसत बाहेर आली. "भाऊ, जेवण थंडं व्हई राह्यनं. इतला येळ कोनासंगे बोली राह्यना?"

"फ्रीजसंगे."

अक्काने पदर सावरला. "काय म्हनस तो?"

मी म्हटलं, "चालू शे."